अकबराच्या राणीचं नाव काय होतं?



‘जोधा अकबर’ ही मालिका झी टीव्हीवर जून २०१३ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१५ पर्यंत चालली. पाचशेच्या वर भाग झाले. नंतरही ती पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि मोबाइलवर तर अजून पाहिली जाते. आमच्या रेडिओ केंद्रावर गटाच्या बायका आल्या की या मालिकेचा विषय निघतोच. आधी दागिने, मग महाल, मग रुकैय्या बेगमची कारस्थानं, आणि शेवटी ठरलेला प्रश्न : हे सगळं खरं होतं का हो?

तर आज त्याच प्रश्नाला बसलो आहोत. आधी एवढं सांगून टाकतो की बादशहा खरा, आमेरच्या राजाची मुलगी खरी आणि त्यांचं लग्नही खरं. खोटं आहे ते नाव. त्या काळच्या बखरींत, फर्मानांत, कुठंही या राणीला ‘जोधा’ म्हटलेलं नाही.

अबुल फझल हा अकबराच्या दरबारातला इतिहास लिहिणारा. त्यानं ‘अकबरनामा’ लिहिला. त्यात हे लग्न आहे, लग्नाचं ठिकाण आहे, कोण कोण भेटायला आलं तेही आहे. नवरी मात्र नुसती ‘राजा भारमलची मुलगी’. आता गंमत बघा. अकबराला हत्तींची झुंज लावायचा फार नाद होता. लग्नाच्या आदल्याच वर्षी तो हवाई नावाच्या मस्तवाल हत्तीवर बसला आणि त्याची रणबाघा नावाच्या हत्तीशी झुंज लावली. ही दोन्ही नावं आपल्याला त्याच पुस्तकातून कळतात. हत्तींची नावं राहिली, राणीचं राहिलं नाही.

असं का? तर राजघराण्यातल्या बाईचं नाव चारचौघांत घेणं बेअदबी समजत. म्हणून पदवी द्यायची आणि पदवीनंच बोलायचं. आमेरच्या या मुलीला पुढं मुलगा झाल्यावर पदवी मिळाली ‘मरियम-उझ-झमानी’, म्हणजे आपल्या काळाची मरियम. मरियम म्हणजे येशूची आई. तिला मुसलमान धर्मातही मोठा मान आहे. अकबराची आई हमीदा बानू, तिची पदवी होती ‘मरियम मकानी’. सासू मरियम, सून मरियम. ही पदवी वाचून पुढं काहींनी आमेरच्या राजकन्येला चक्क ख्रिस्ती ठरवलं! नंतरच्या पुस्तकांत तिची नावं येतात हरखाबाई, हीर कुंवर अशी.

मग जोधा कुठून आली? जोधाबाई म्हणजे जोधपूरची. जोधपूरच्या मोटा राजा उदयसिंहाची मुलगी जगत गोसाईं १५८६ साली अकबराच्या मुलाला, सलीमला दिली होती. हा सलीम म्हणजेच पुढचा जहांगीर बादशहा. ताजमहाल बांधणारा शहाजहान हा या जोधपूरच्या मुलीचा मुलगा. म्हणजे सुनेचं नाव सासूला चिकटलं! एकोणिसाव्या शतकात कर्नल जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्यानं राजस्थानचा मोठा इतिहास लिहिला, तिथून हा घोळ पसरला असं मानतात. एकदा नाव बसल्यावर ते कोण उठवणार? फत्तेपूर सिक्रीत वाटाडे ‘जोधाबाई का महल’ दाखवतात. १९६० साली ‘मुघल-ए-आझम’ आला. त्यातली जोधाबाई होती आपल्या दुर्गाबाई खोटे. २००८ साली कोल्हापूरच्या आशुतोष गोवारीकरांनी ‘जोधा अकबर’ हा सिनेमा काढला. त्यातला आग्र्याचा किल्ला नितीन देसाईंनी कर्जतला उभारला होता. म्हणजे हे नाव घरोघरी पोचवण्यात मराठी माणसांचाही हात आहे. राजस्थानात सिनेमाला विरोध झाला, तो तिथल्या थिएटरांत लागू शकला नाही. पुढं मालिकेलाही विरोध झाला. विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं हेच होतं, की जोधा अकबराची बायको नव्हतीच. नावापुरतं ते खरं आहे. पण नाव चुकलं म्हणून बाईच नव्हती असं होत नाही.

आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. हौसेचा भाग असतो, सगळे हसतात, टाळ्या वाजवतात. मग दहा वर्षांनी गटाचं खातं काढायला बँकेत गेलं की आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. अशी कागदं घेऊन रडकुंडीला आलेल्या बायका आम्ही दर महिन्याला बघतो. आमेरच्या राजकन्येचं नाव कसं हरवलं हे आपल्याला फार समजावून सांगावं लागणार नाही.

आता लग्नाकडं वळू. मालिकेत काय दाखवलं? जलाल बादशहा क्रूर, दगडाच्या काळजाचा. जोधा त्याचा तिरस्कार करणारी. वडिलांच्या राज्यासाठी ती मान झुकवते, लग्न करते, आणि मग शेकडो भागांत रुसवेफुगवे होत होत दोघं एकमेकांवर जीव टाकू लागतात. पाहायला गोड वाटतं, आम्हीही पाहिलं. खरी हकीकत मात्र भाऊबंदकीपासून सुरू होते.

आमेरचं राज्य म्हणजे आजच्या जयपूरजवळचा मुलूख. मोठं नव्हतं. गादीवर राजा भारमल. त्याच्या थोरल्या भावाचा, पूरणमलचा मुलगा सुजा म्हणत होता की गादी माझी. सिनेमात सुजामल नावाचा भाऊ दाखवला आहे, तो यावरूनच. या भांडणात शेजारच्या मेवातकडचा मोगल सरदार शर्फुद्दीन घुसला. हा साधासुधा सरदार नव्हता, अकबराच्या सावत्र बहिणीचा नवरा होता. त्यानं सुजाची बाजू घेऊन आमेरवर चाल केली, खंडणी बसवली आणि भारमलच्या घरातली तीन पोरं ओलीस नेली. एक भारमलचा स्वतःचा मुलगा जगन्नाथ आणि दोन पुतणे. एवढ्यावर थांबायचा त्याचा विचार नव्हता, पुन्हा चालून यायची तयारी चालली होती.

जानेवारी १५६२ मध्ये अकबर आग्र्याहून अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याला निघाला. वय १९. वाटेत दौसा गाव लागलं तर गाव ओस. बादशहाची छावणी येतेय म्हटल्यावर माणसं घरदार टाकून पळाली होती. हे अबुल फझलनंच लिहिलं आहे. मालिकेत लाल गालिचे दिसतात, ओस पडलेलं गाव दिसत नाही. आम्हाला विचाराल तर या सगळ्या हकीकतीत त्या रिकाम्या गावाइतकं बोलकं दुसरं काही नाही. बादशहा यात्रेला निघाला तरी रयतेला लुटीचीच भीती वाटत होती.

पुढं सांगानेरच्या मुक्कामात भारमल अकबराला येऊन भेटला. शर्फुद्दीनचा जाच सांगितला. मुलगी द्यायचं ठरलं. अकबर अजमेरला गेला, आणि परत येताना फेब्रुवारीत सांभरला, त्या मिठाच्या मोठ्या तळ्याच्या गावी, लग्न लागलं. शर्फुद्दीनला हुकूम गेला, तिन्ही पोरं सुटली. भारमलचा मुलगा भगवंतदास आणि नातू मानसिंह बादशहाच्या चाकरीत आग्र्याला गेले. मानसिंह तेव्हा लहान पोरगा होता. पुढं तो मोगलांच्या सगळ्यात मोठ्या सेनापतींपैकी एक झाला. काबूलपासून बंगालपर्यंत त्यानं कारभार पाहिला.

हा तह होता, मैत्रिणींनो. भारमलला गादी टिकवायची होती, पोरं सोडवायची होती. अकबराला रजपूत तलवार आपल्या बाजूला हवी होती, कारण त्याच्याच सरदारांवर त्याचा पूर्ण भरवसा नव्हता. दोन्ही बाजूंना जे हवं ते मिळालं. ज्या मुलीवर हा सगळा सौदा उभा राहिला तिला काय वाटलं, तिनं होकार दिला की नाही, याबद्दल एक ओळसुद्धा कुणी लिहिलेली नाही.

असं मुसलमान बादशहांकडंच होत होतं असं मात्र कुणी समजू नये. सोयरीक करून तह पक्का करणं ही सगळ्याच राजघराण्यांची रीत होती, मराठ्यांचीही. शिवाजी महाराजांनी शिर्क्यांची मुलगी येसूबाई संभाजीराजांना करून घेतली आणि आपली मुलगी राजकुंवर शिर्क्यांच्या गणोजीला दिली. साटंलोटं हा शब्द आपल्याला काही नवा नाही. बांधाचं भांडण मिटावं म्हणून, कर्जाची भीड म्हणून, आत्याला शब्द दिला होता म्हणून ठरलेली लग्नं आपल्याही गावांत आहेत.

आणि इथंच मालिका आम्हाला टोचते. आधी तिरस्कार, मग सवय, मग प्रेम. मनाविरुद्ध लग्न लावून दिलेली मुलगी शेवटी सुखात आहे, असं दोन वर्षं रोज रात्री पाहिल्यावर ‘होईल गं सवय’ म्हणणाऱ्या मावश्यांना आणखी बळ येतं. राणीला पुढं खरंच सुख मिळालं असेलही. पण तिच्या सुखाचा पुरावा म्हणून आपण जे दाखवतो ते सगळं लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतलं आहे.

लग्नाला नाही म्हणता आलं असतं का? मेवाडनं नाही म्हटलं. १५६७ च्या अखेरीस अकबरानं चितोडला वेढा घातला आणि फेब्रुवारी १५६८ मध्ये किल्ला पडला. बायकांनी जोहार केला. किल्ल्यात आसपासचे शेतकरी आसऱ्याला आणि लढायलाही होते. बादशहानं कत्तलीचा हुकूम दिला. मारलेल्यांचा आकडा अबुल फझलच ३० हजार देतो. मालिकेतला जलाल प्रेमात पडून मऊ झालेला असतो, इतिहासातला अकबर लग्नानंतर सहा वर्षांनी हे करतो. १५७६ च्या हळदीघाटीच्या लढाईत राणा प्रतापांसमोर मोगल फौज घेऊन उभा होता तो मानसिंह, आपल्या राणीचा भाचा. एका घरानं मुलगी दिली, दुसऱ्यानं दिली नाही. दोन्हीकडं निर्णय पुरुषांचा होता. एकीकडं डोली गेली, दुसरीकडं चिता पेटली.

तरी या लग्नात जुन्यापेक्षा काही वेगळं होतं, तेही सांगायला हवं. त्याआधीच्या सुलतानांनीही हिंदू राजांच्या मुली केल्या होत्या. पण मुलगी गेली की तिच्या माहेरचा संबंध संपायचा. अकबरानं आमेरच्या माणसांना सोयरे मानलं. १५७२ साली तो गुजरातच्या स्वारीवर गेला तेव्हा आग्रा राजधानी सासऱ्यावर, भारमलवर सोपवून गेला. राण्यांचा देवधर्म महालात चालू राहिला. बदायुनी नावाचा एक कडवा मुल्ला दरबारात होता. त्यानं नाक मुरडून लिहिलंय, की राजांच्या मुलींची मर्जी राखायला बादशहा जनानखान्यात होम करतो. त्याच्या रागामुळंच आपल्याला ही गोष्ट कळते.

१५६२ मध्येच अकबरानं लढाईत पकडलेल्यांच्या बायकापोरांना गुलाम करायची चाल बंद केली. १५६३ मध्ये हिंदूंच्या यात्रांवरचा कर उठवला, १५६४ मध्ये जिझिया. सिनेमात राणी टोचून बोलते, बादशहा वेश पालटून बाजारात जातो आणि यात्रेवरचा कर माफ करतो. तसा प्रसंग जुन्या कागदात नाही. वर्षं लागोपाठची आहेत, त्यामुळं घरातल्या बोलण्याचा परिणाम झाला असेल असं मनात येतं. मनात येणं वेगळं आणि पुरावा वेगळा.

माहम अनगाचं तेवढं उरकून घेऊ, कारण ती सगळ्यांची नावडती. ती अकबराची दाई, दरबारात तिचं वजन मोठं, हे खरं. पण लग्नानंतर तीनच महिन्यांत, मे १५६२ मध्ये तिच्या मुलानं, अधम खानानं भर दरबारात शम्सुद्दीन अतगा खानाचा खून केला. अकबरानं अधम खानाला गच्चीवरून खाली टाकायला लावलं. एकदा टाकून जीव गेला नाही म्हणून पुन्हा उचलून टाकला. त्या धक्क्यानं चाळीस दिवसांत माहमही गेली. म्हणजे राणीला छळायला तिला जेमतेम चार-पाच महिने मिळाले. मालिकेनं तिला किती भाग पुरवलं ते तुम्हीच आठवा!

ऑगस्ट १५६९ च्या अखेरीस फत्तेपूर सिक्रीत शेख सलीम चिश्तींच्या वस्तीवर राणीला मुलगा झाला. शेखांच्या आशीर्वादानं झाला म्हणून नाव सलीम ठेवलं. नवस फेडायला अकबर आग्र्याहून अजमेरला पायी गेला. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आपले वारकरी ओळखतील ही चाल.

सलीम मोठा झाला आणि १५८५ मध्ये आमेरची आणखी एक मुलगी मोगल घरात आली. भगवंतदासाची मुलगी मानबाई, म्हणजे सलीमच्या मामाची मुलगी. तिचा मुलगा खुस्रो. पुढं बाप आणि मुलगा एकमेकांच्या जिवावर उठले. माहेरचे लोक एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, पोटचा मुलगा ऐकत नाही. मानबाईनं अफू खाऊन जीव दिला. जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात ते दुःखानं लिहिलं आहे, चार दिवस आपल्या तोंडात अन्न गेलं नाही म्हणतो. अलाहाबादच्या खुस्रो बागेत तिची कबर आहे. आत्याच्या लग्नावर सिनेमे झाले, मालिका झाली. त्याच घरची, त्याच रीतीनं दिलेली ही भाची कुणाला आठवत नाही. तह निभावून नेताना बाईचं काय होतं ते मानबाईकडं पाहिलं की कळतं.

आता राणीच्या उतारवयाकडं येऊ. आम्हाला ती इथंच खरी भेटली. १६०५ मध्ये अकबर वारला, सलीम जहांगीर नावानं बादशहा झाला. तो आईला फार मानी. तिच्यासमोर वाकून मुजरा केल्याचं त्यानं लिहिलं आहे. बादशहाची तुला करत, सोन्याच्या आणि इतर वस्तूंच्या पारड्यात. ती कितीतरी वेळा आईच्या वाड्यावर झाली. तिच्या नावानं निघालेला हुकूमनामा सापडतो, त्यावर तिचा स्वतःचा शिक्का आहे. आणि ती व्यापार करत होती. मालिकेनं हे का दाखवलं नाही याचं आम्हाला फार नवल वाटतं.

बयाना हे आग्र्याजवळचं गाव निळीसाठी प्रसिद्ध होतं. कापड रंगवायची ही नीळ लांबलांबच्या देशांत जाई. १६१० च्या अखेरीस विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी तिथं खरेदीला गेला. राजमातेचा गुमास्ता तीच नीळ घेत होता, तिच्या जहाजातून अरबस्तानाकडच्या मोखा बंदरात पाठवायला. फिंचनं चढी बोली लावून माल उचलला. राजमातेनं मुलाकडं तक्रार केली. इंग्रजांचं दरबारातलं आसन डळमळीत होतंच, या प्रकारानं ते आणखी ढिलं झालं. बाजारात माल हातातून गेला की किती चीड येते हे पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या गटांना सांगायला नको.

तिच्या जहाजाचं नाव ‘रहीमी’. सुरतेहून निघायचं, तांबड्या समुद्रात जायचं, माल आणि हजचे यात्रेकरू घेऊन. हिंदू घरात जन्मलेल्या बाईच्या जहाजातून माणसं मक्केला जात होती. समुद्रावर तेव्हा पोर्तुगीजांचा दरारा. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकता येत नसे आणि त्या परवान्यावर मरियम आणि येशूचं चित्र असे. रहीमीकडं परवाना होता. तरी सप्टेंबर १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडलं आणि सातशेच्या आसपास माणसांसकट गोव्याला नेलं. मोगलांनी इंग्रजांना सुरतेत व्यापाराची परवानगी दिली, त्याचा हा राग.

जहाजं पोर्तुगीजांनी याआधीही पकडली होती, दरबारानं ते गिळलं होतं. हे मात्र बादशहाच्या आईचं जहाज. जहांगीरनं पोर्तुगीजांचा सुरतेतला व्यापार थांबवला, दमणला वेढा घालायला फौज धाडली, पाद्र्यांची चर्च बंद करायला लावली. पोर्तुगीज मोगल दरबारातून मागं पडले, त्याचा फायदा इंग्रजांनी उचलला. एका बाईच्या जहाजापायी केवढी उलथापालथ झाली पाहा. कर्जतच्या महालात रुसून बसलेली जोधा आणि जहाजाचा हिशेब मागणारी ही म्हातारी, या दोघींतली दुसरी आम्हाला कितीतरी जास्त आवडली.

तिच्या नावाची मशीद लाहोरला आहे. बयान्याजवळच्या ब्रह्माबादला १६१२ मध्ये तिनं एक बारव बांधून घेतली, पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येईल अशी. मे १६२३ मध्ये ती आग्र्याला वारली. सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीपासून थोड्याच अंतरावर तिची कबर आहे. तिथली पाटीही पदवीच सांगते : मरियम-उझ-झमानी.

पुढच्या कार्यक्रमासाठी एक काम देतो. आपापल्या आजीचं, पणजीचं लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव शोधून ठेवा. घरात कुणाला आठवत नसेल तर तिच्या माहेरच्या भाऊबंदांत विचारा. गटाच्या बैठकीत एका वहीत लिहून वही केंद्रावर पाठवा. जेवढी नावं येतील तेवढी आम्ही रेडिओवर वाचून दाखवू, एकही न गाळता.